पुंजारामचा खरा पट्टा

पट्ट्यावरचा पितळी बिल्ला सोनूबाईने चिंचेने घासला, राखेने घासला, शेवटी पदराने पुसला आणि दारातल्या उन्हात धरून पाहिला. तेवढ्यात मांडीवरच्या साळूने पट्ट्याचं दुसरं टोक तोंडात घातलं. पोरीला दात येऊ घातले होते, आणि सरकारी कातडं तिला आईच्या बोटापेक्षा जास्त आवडलं होतं.

"आवो, लेक बघा तुमची. पट्टा चावून राह्यली."

"चावू दे," पुंजाराम उदास होऊन म्हणाला. "तिला एकटीलाच तो खरा वाटतोय."

पट्टा खराच होता. भोकरदनच्या तहसील कचेरीतल्या चपराशाचा. पण त्याच्या आधी पुंजाराम बहुरूपी होता, आणि त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे बहुरूपीच. सुगी झाली की गावोगाव फिरायचं. एखाद्या गावात पाल ठोकायचं आणि रोज नवं सोंग घेऊन दारोदार जायचं. आज वैद्य, उद्या सावकार, परवा हवालदार. लोकांना घाबरवायचं, फसवायचं, हसवायचं. आणि शेवटच्या दिवशी अंगावर सोंग न घेता, आपल्या साध्या बंडी-धोतरात, बायकोपोरांना घेऊन पाटलाच्या दारात हात जोडून उभं राहायचं आणि म्हणायचं, "सोंग संपलं." मग बिदागी मागायची. त्या दिवशी बहुरूपी खोटं बोलत नाही आणि गाव नाही म्हणत नाही, अशी रीत होती.

नोकरी लागली तीही सोंगामुळेच. मागच्या साली पुंजाराम शिपायाचं सोंग घेऊन थेट तहसील कचेरीत शिरला. दारातली गर्दी त्याने एका रांगेत बसवली, तंबाखू थुंकणाऱ्या दोघा साक्षीदारांना बाहेर पिटाळलं, आणि एका वकिलाला "आवाज हळू!" असं दरडावलं. वकील गप्प बसला. तहसीलदारांनी आतून विचारलं, "हा नवा शिपाई कोण?" खरं कळल्यावर ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाले, "ह्याच्यासारखा शिपाई माझ्याकडे खरा एकही नाही. ठेवून घ्या ह्याला."

तहसीलदारांच्या शेजारी बसून हुकूम लिहिणारे पेशकार जगन्नाथराव मात्र हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. शेरवानीच्या गळ्याची वरची गुंडी त्यांना हसू देत नसे.

"साहेब, बहुरूप्याला सरकारी पट्टा? आज हा शिपाई, उद्या वैद्य, परवा शंकर होऊन बसेल. माणसाचा मागचा धंदा त्याच्या अंगाला चिकटून राहतो."

"राहू द्या की. दसऱ्यापर्यंत उमेदवारीवर बघू. एक जरी हुकूम ह्याच्या हातून तामील झाला नाही, तर पट्टा काढून घ्या."

पट्ट्याबरोबर कचेरीच्या मागची एक खोली मिळाली. खोलीला दार होतं, दाराला कडी होती. सोनूबाईचा जन्म पालात गेलेला. पालाला कडी नसते. पहिले काही दिवस ती उगाचच कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. शेजारीण विचारायची, "कुठं निघाली का गं?" ती म्हणायची, "कुठंच न्हाई. आता कुठंच न्हाई जायचं."

सगळं बरं चाललं होतं. मग धावड्याचा हुकूम निघाला.

धावड्याला सरकारी कोंडवाडा बांधायचा होता. जागा ठरवायला गावचे रखमाजी पाटील सोमवारी पेशीला हजर हवे होते. पुंजारामने पट्टा बांधला, बिल्ला समोर घेतला आणि धावड्याच्या चावडीसमोर जाऊन उभा राहिला. त्याला एकच गोष्ट आठवली नाही. धावडा हे त्याच्या बापापासूनचं हक्काचं गाव होतं.

"पुंजा आला रे, पुंजा आला!" म्हाताऱ्या चतुराबाईने हातातलं सूप तिथंच टाकलं आणि गल्लीभर आवाज दिला. "औंदा लवकर आला! शिपाई झालाय, शिपाई!"

क्षणात गाव जमलं. पाटलांनी बाज पारावर आणायला लावली आणि ऐसपैस बसले.

"पाटील," पुंजाराम म्हणाला, "तहसीलदारसाहेबांचा हुकूम हाय. सोमवारी भोकरदनला पेशीला हजर व्हा."

"वा!" पाटील म्हणाले. "आवाज जमला."

"पाटील, हे सोंग न्हाई. मी खरा शिपाई झालोय."

गाव खदखदून हसलं. कारण मागच्या साली हवालदार होऊन आला तेव्हाही पुंजाराम अगदी हेच म्हणाला होता. त्याच्या आदल्या साली वैद्य होऊन आला तेव्हाही हेच.

पुंजाराम चिडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारही असाच चिडला होता. पुंजारामने बिल्ला दाखवला. पाटलांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "खर्चा केलास बरं का रे ह्या टायमाला. बिलकुल खऱ्यावानी." पुंजाराम रडकुंडीला आला. "साळूची आन हाय, पाटील!" तेव्हा चतुराबाईने डोळ्याला पदर लावला. "काय रडतंय बाई माझं! बाप बी असाच रडायचा."

आणि तिने सूपभर ज्वारी आणून त्याच्या उपरण्यात ओतली. आता सोंगाचं दान नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. पुंजारामचे हात जन्माच्या सवयीने पुढे झाले. ज्वारी घेऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते हात आता सरकारचे होते.

पाटलाऐवजी ज्वारी घेऊन आलेला शिपाई पाहून जगन्नाथराव खुर्चीतून उठले.

"सरकारी शिपायाने गावात भीक मागितली!"

"मागितली न्हाई साहेब. त्यांनी दिली."

"मग ती लाच झाली! जल्दी परत नेऊन दे, आणि पाटलाला हजर कर. साहेब दौऱ्याहून यायच्या आत."

पुंजाराम ज्वारी डोक्यावर घेऊन पुन्हा धावड्याला गेला. "हे परत घ्या," तो म्हणाला.

बहुरूप्याने दान परत आणल्याचं धावड्यात कुणी ऐकलं नव्हतं. लोक गंभीर झाले. चतुराबाई म्हणाली, "रुसला. कमी पडलं त्याला. आपलंच चुकलं, येवढं चांगलं सोंग केलं आन् आपुन सूपभर ज्वारीवर भागवलं." मग कुणी गूळ आणला, कुणी शेंगा आणल्या. चतुराबाईने आपल्या नातवाचं टोपडं-अंगडं आणून वर ठेवलं. "तुझ्या लेकीला घाल. आन् तिला आन की रे दाखवायला. शेवटाच्या दिवशी आनशीलच म्हना."

पुंजाराम परत आला तो बैलगाडीतून. ओझं तेवढं झालं होतं.

जगन्नाथरावांनी गाडी पाहिली. त्यांनी शेरवानीची वरची गुंडी चाचपली. "उद्या मी स्वतः येतो. हुकूम तामील कसा करतात ते बघ. आणि परत आल्यावर पट्टा माझ्या टेबलावर ठेव. खोलीही रिकामी कर."

सोनूबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. साळू तिच्या खांद्यावर टोपडं घालून झोपली होती. धावड्याचं टोपडं तिला बरोबर बसलं होतं.

"मी बी येते," ती म्हणाली.

"सरकारी कामाला बायको?" पुंजाराम दबकून म्हणाला. "साहेब काय म्हनतील?"

"सरकारी कामानं माझं दार जाऊन राह्यलंय. मंग मला यायला काय झालं? मी कडी लावून निघनार आन् त्याच दाराची कडी काढून आत येनार. तुमचं तुम्ही बघा, माझं हे ठरलंय."

दुसऱ्या दिवशी तट्टूवर जगन्नाथराव, मागे पट्टा बांधलेला पुंजाराम, आणि त्याच्या मागे साळूला कडेवर घेतलेली सोनूबाई असे सगळे धावड्याला पोचले. जगन्नाथरावांच्या अंगात शेरवानी, डोक्याला बांधीव दस्तार, ओठांवर मेण लावून टोकदार केलेली मिशी. तहसिलीतले लोक ही मिशी पाहूनच अर्धे कबूल होत.

धावड्याने मिशी पाहिली आणि एकच आरोळी दिली.

"पुंजानं जोडीदार आनलाय!"

बाज आली, घोंगड्या आल्या. पोरं झाडावर चढली. शेतावर गेलेल्यांना बोलवायला माणूस धावला. जोडीचं सोंग गावाने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"रखमाजी पाटील कोण?" जगन्नाथराव तट्टूवरूनच गरजले.

"मीच की," पाटील पान लावत म्हणाले. "तुम्ही कोन झालात?"

"झालात म्हणजे? मी तहसिलीचा पेशकार आहे!"

"बरं, पेशकार." पाटील शेजाऱ्याकडे वळले. "पेशकाराचं सोंग पयल्यांदाच बघून राह्यलो. नवीन हाय."

"खामोश!" जगन्नाथराव खाली उतरले. उतरताना शेरवानी खोगिराला अडकली आणि ते एका पायावर दोन उड्या मारत सावरले. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"हे उड्या मारायचं बेस हाय," एक जण म्हणाला.

"पन शेरवानी ढिली हाय," दुसरा म्हणाला. "मापाची न्हाई. कुनाची तरी मागून आनली असंल."

जगन्नाथरावांची शेरवानी औरंगाबादच्या शिंप्याने शिवलेली होती. त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी कचेरीच्या उर्दूतून सुरुवात केली. सरकार, कानून, जुर्माना, गिरफ्तारी, सगळं आलं. गाव मन लावून ऐकत होतं. त्यांनी श्वास घेतला तेव्हा पाटील म्हणाले, "पाठांतर हाय बरं का गड्याचं."

"अरे, मी खरा पेशकार आहे! खरा!"

हे ऐकल्यावर मात्र सगळं गाव मागे रेलून हसलं. बहुरूपी असल्याची गावाला एवढी एकच खूण पुरेशी होती. चतुराबाई काठी टेकत पुढे आली, डोळे बारीक करून जगन्नाथरावांच्या तोंडाजवळ गेली, आणि काही कळायच्या आत तिने मिशीचं उजवं टोक धरून ओढलं.

"आई गं!" पेशकार ओरडले.

"घट्ट चिकटवलीया बाई," चतुराबाई गावाला सांगू लागली. "डिंक चांगला हाय. पन पुंजा, खरं सांगू का, तुझ्यावानी न्हाई ह्याला जमत. हा लई वरडतो. खरा साहेब येवढा वरडत न्हाई." आणि तिने ज्वारीचं सूप आणून जगन्नाथरावांच्या हातात दिलं. वर नारळ ठेवला. "घे बाबा. नवीन हायेस. शिकशील हळूहळू."

जगन्नाथराव सूप धरून उभे राहिले. मिशीचं एक टोक आभाळाकडे होतं, दुसरं हनुवटीकडे.

एवढ्या आरडाओरड्याने साळू घाबरली आणि तिने टाहो फोडला. सोनूबाईकडे थांबेना, म्हणून पुंजारामने तिला घेतलं. बापाच्या छातीवर पडताच ती गप्प झाली, बिल्ल्याशी खेळू लागली, हुंदका देत थोडी हसली. आणि मग, प्यायलेलं सगळं दूध तिने सरकारी कोटावर, पट्ट्यावर आणि बिल्ल्यावर ओकून टाकलं. वरून काय झालं ते कळलंच होतं. खालूनही अंगडं ओलं झालं होतं.

"आगं माय!" सोनूबाई धावली. "सरकारी कपडा हाय तो! काढा, काढा आधी. वाळला तर डाग जायचा न्हाई."

"इथं? समद्यांम्होरं?"

"मंग काय घरी जाऊन? काढा म्हन्ते ना!"

सोनूबाईने स्वतःच पट्टा सोडला, कोट उतरवला आणि हौदाकडे निघाली. पुंजाराम मागे उरला. अंगात विटकी बंडी, खाली धोतर, कडेवर पोर.

हसणं थांबलं. झाडावरची पोरंसुद्धा गप्प झाली. पाटील बाजेवरून उठले, पागोटं सारखं केलं आणि पुढे आले.

"पुंजा," ते हळू आवाजात म्हणाले, "सोंग संपलं?"

पुंजारामने तोंड उघडलं. हे सोंग नव्हतंच, असं तो चौथ्यांदा की पाचव्यांदा सांगणार होता. तेवढ्यात सोनूबाई अर्ध्या वाटेतून ओला कोट घेऊन परत आली. एका क्षणात सगळं तिच्या ध्यानात आलं. तिने नवऱ्याच्या शेजारी उभं राहून डोक्यावर पदर घेतला, त्याला कोपराने ढोसलं आणि हात जोडले.

"व्हय पाटील," ती म्हणाली. "संपलं."

"मंग माग. काय मागायचं ते माग. औंदा तू गावाला लई हसवलंस. शेला माग, शेरडू माग."

पुंजारामने बायकोकडे पाहिलं. ती मान वर करून समोर बघत होती.

"पाटील," तो म्हणाला, "सोमवारी भोकरदनला चला. कोंडवाड्याच्या जागेसाठी तहसीलदारसाहेबांनी बोलावलंय. येवढीच बिदागी द्या."

"येवढीच?"

"येवढीच. मला तिथं खरंच नोकरी लागलीय. तुम्ही आले न्हाई तर जाती ती."

सोंग उतरलेला बहुरूपी खोटं बोलत नाही. पाटलांनी डोक्याला हात लावला.

"अरे, मंग येवढ्या बारीला आलास, आधीच सांगायचं न्हाई का!"

साळूने पुंजारामच्या नाकात बोट घातलं होतं.

"येतो म्हन्लं, म्हंजे आलोच," पाटील म्हणाले. मग त्यांची नजर सूप धरलेल्या शेरवानीवर गेली आणि कपाळाला आठी पडली. "पन तू जर खरा शिपाई, तर मंग हे कोन?"

सगळं गाव जगन्नाथरावांकडे बघू लागलं. चतुराबाईने मिशी ओढलेला हात हळूच पदराखाली घेतला.

जगन्नाथरावांनी विचार केला. आपण पेशकार आहोत हे आता सिद्ध झालं, तर कुणाची मिशी ओढली गेली हेही सिद्ध होणार. ती गोष्ट उद्या बाजारात जाणार, परवा कचेरीत येणार, आणि तहसीलदार पुन्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणार. त्यांनी शेरवानीची वरची गुंडी सोडली. सूप खाली ठेवलं. दोन्ही हात जोडले.

"मी ह्याचा जोडीदार," ते खाली बघत म्हणाले. "सोंग संपलं."

"तरी मी म्हन्लं!" चतुराबाईचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी रखमाजी पाटील धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी कचेरीत हजर झाले. दारात पुंजाराम उभा होता, पट्टा बांधून. पट्ट्याला दुधाचा किंचित वास येत होता. पाटलांनी त्याला डोळा घातला आणि आत गेले. कोंडवाड्याची जागा दोन शब्दांत ठरली. तहसीलदार खूश झाले. "पाटील, अजून काही बोलायचंय?"

पाटील तहसीलदारांच्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. खुर्चीत शेरवानी होती. शेरवानीवर मिशी होती. मिशीखाली जगन्नाथराव कागदात जितकं तोंड खुपसता येईल तितकं खुपसून बसले होते.

"साहेब, येक अर्ज हाय," पाटील मनापासून म्हणाले. "पुंजाला तुम्ही ठेवून घेतलं, लई चांगलं केलं. त्याच्या ह्या जोडीदाराला बी जागा दिली, हे तर त्याच्याहून चांगलं केलं. त्याचा मागचा धंदा बघू नका. सोंग त्याला बेताचंच जमतं, त्यामुळं त्या लायनीत त्याचं पोट भरलं नसतं. पन मानूस गरीब हाय, पाठांतर चांगलं हाय. नोकरीत टिकंल."

तहसीलदारांनी पाटलांकडे पाहिलं, मग पेशकारांकडे.

"जगन्नाथराव, पाटील काय म्हणतात हे?"

जगन्नाथरावांच्या लेखणीतून शाईचा एक थेंब पडला. त्यांनी दाराकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या चपराशाकडे असं पाहिलं असेल.

पुंजाराम ताठ उभा होता. तो एक पाऊल पुढे आला आणि खास चपराशाच्या आवाजात म्हणाला, "पाटील, आवाज हळू. पुढच्या पेशीची येळ झाली." पाटील निमूटपणे बाहेर गेले. तहसीलदार हसले. "बघा जगन्नाथराव. मी म्हणत नव्हतो?"

"जी साहेब," पेशकार म्हणाले. "दसऱ्यापर्यंत थांबायची गरज नाही. ह्याला आजच कायम करून टाकू. मागचा धंदा काय, कुणाचाही काहीही असू शकतो."

संध्याकाळी सोनूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. दाराची कडी वाजली. बाहेर जगन्नाथराव होते, हातात धावड्याहून आणलेलं सूप.

"ही ज्वारी... तुमची."

"न्हाई साहेब," सोनूबाई म्हणाली. "ती तुमच्या सोंगाची हाय. ती परत करायची नसती. परत केली का वाढती, तुम्ही बघितलंच की."

जगन्नाथराव थोडा वेळ उंबऱ्याबाहेर घुटमळले. मागेपुढे कुणी नाही असं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"पुंजाराम, एक विचारू? ती म्हातारी म्हणाली, मला जमत नाही. मी बारा वर्षं पेशकार आहे. माझं नेमकं कुठं कमी पडलं?"

पुंजारामने पट्टा साळूच्या तोंडातून सोडवला, बिल्ला पुसला आणि खुंटीला लावला.

"साहेब," तो जपून म्हणाला, "खरा पेशकार कधी म्हन्तो का, मी खरा हाय म्हनून?"

जगन्नाथरावांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावली. मग सूप घट्ट धरून ते अंगण ओलांडून गेले.

सोनूबाईने पिठाच्या हाताने दार ओढलं आणि कडी लावली. काढली, आणि पुन्हा लावली.